ओझे उतरले, चढण उरली

शास्त्रपाठ : स्तोत्रसंहिता ५५:२२, गलतीकरांस पत्र ६:१-५



ओझे म्हणजे काय, हे आम्हां खेड्यातील लोकांस शिकवावे लागत नाही. रानात मोळी बांधणाऱ्या बाईस विचारा. मोळी बांधणे तिचे तिला साधते. परंतु ती भारी असली म्हणजे डोकीवर चढविण्यास आणि उतरविण्यास दुसऱ्याचा हात लागतो. आमच्या पापाचे व चिंतेचे ओझे असेच आहे. बांधिले आम्ही, उतरविणारा मात्र दुसरा पाहिजे.

आपला भार परमेश्वराच्या हवाली करणाऱ्यास तो आधार देतो, असे ५५ व्या स्तोत्राचे सांगणे आहे. हे स्तोत्र सुखात बसून रचलेले नव्हे. ज्याच्या संगतीने देवाच्या मंदिरात जावे तोच सोबती उलटला, त्या दुःखातून ते निघाले आहे. भाऊबंदांनी ज्यांच्याशी बोलणे टाकिले, त्यांस त्याचा अर्थ फोडून सांगणे नको.

तथापि कित्येक बंधु मनातल्या मनात विचारितात, "बाप्तिस्मा झाला, प्रार्थना केली, पण सावकाराचे कर्ज फिटले नाही, मुलाचा ताप उतरला नाही. मग आमचे उतरले ते ओझे कोणते?" हा प्रश्न दडपून टाकण्यासारखा नाही. ह्याचे उत्तर न मिळाल्यामुळेच एखादा रात्री गुपचूप मुलाच्या गळ्यात पुन्हा ताईत बांधितो.

जॉन बनियन याने १६७८ साली छापविलेला यात्रेकरूचा ग्रंथ हरि केशवजी यांनी १८४१ साली 'यात्रिक क्रमण' या नावाने मराठीत आणिला. त्यातील ख्रिस्ती नावाचा यात्रेकरू पाठीवर ओझे घेऊन निघतो. तो दलदलीत रुततो. पुढे एका शहाण्याच्या सल्ल्याने नियमशास्त्राच्या डोंगराकडे वळतो, तेव्हा ओझे अधिकच जड होते. अरुंद दरवाज्यातून आत आला तरी ते पाठीवर असतेच. वधस्तंभापुढे येताच मात्र ते आपोआप सुटते आणि गडगडत कबरेत जाऊन नाहीसे होते.

पुढे काय झाले तेही लक्षात ठेवावे. ओझे गेल्यावर थोड्याच वाटेने त्याच्यासमोर कठीण डोंगर उभा राहिला. दोघे सोबती डोंगर टाळून आडवाटेने गेले व नाश पावले. ख्रिस्ती पायथ्याच्या झऱ्याचे पाणी प्याला आणि चढू लागला. डोंगराच्या धन्याने डोंगर हलविला नाही. परंतु मध्यावर यात्रेकरूंसाठी विसाव्याचा मांडव घालून ठेविला होता. पाठीवर ओझे असते तर ती चढण त्याच्याने चढवली नसती.

हे लिहिणारा भांडी सांधून पोट भरणारा मनुष्य होता. परवानगीवाचून उपदेश केला म्हणून तो १६६० पासून १६७२ पर्यंत बेडफर्डच्या तुरुंगात होता. घरी बायको व चार मुले, त्यांतील एक मुलगी आंधळी. उपदेश सोडण्याचे वचन दिले असते तर तो सुटता. त्याने ते दिले नाही. तुरुंगात नाड्या तयार करून त्याने घरास हातभार लाविला. त्याच्या पापाचे ओझे उतरले होते. लेकरांची काळजी मात्र त्यास रोज नव्याने देवाच्या हाती द्यावी लागे.

तर बंधूंनो, वधस्तंभापाशी उतरते ते दोषाचे ओझे, देव आपल्यावर रागावला आहे या भयाचे ओझे. ताप आला म्हणजे देवाने टाकिले, असे ख्रिस्तजनाने समजू नये. मुलास दवाखान्यात न्यावे, शेत वेळेवर पेरावे, कर्जाचा हिशोब लिहून ठेवावा, आणि रात्री निजताना त्या सर्वांची काळजी पित्यापाशी ठेवून निजावे. सकाळी ती पुन्हा डोकीवर येऊन बसली तर पुन्हा ठेवावी. यात लाज नाही. यात्रा अशीच चालते.

उपदेशक बंधूंस एक विनंती. विश्वास ठेवा म्हणजे सर्व संकटे टळतील, असे वचन आपण कोणास देऊ नये. प्रभूने ते दिलेले नाही. तसेच लोकांच्या खांद्यांवर जड ओझी लादून स्वतः बोटही न लावणाऱ्यांविषयी प्रभु मत्तय २३ मध्ये काय बोलला, ते आपण विसरू नये.

पौल गलतीकरांस एकमेकांची ओझी वाहावयास सांगतो. ज्याची पाठ मोकळी झाली त्याचेच हात दुसऱ्याच्या मोळीस लागू शकतात. या आठवड्यात आपल्या मंडळीत कोणाचे घर आजाराने किंवा कर्जाने वाकले आहे ते पाहू या. त्याच्या दाराशी जाऊ, त्याच्याबरोबर प्रार्थना करू, आणि शेतात एक दिवस त्याच्यासाठी राबू. चढण सर्वांचीच आहे. ज्याने आमचे ओझे घेतले तो प्रभु पुढे चालत आहे. त्याला गौरव असो. आमेन.