गाडी जुनी, बिलं नवी

चि. सोनीस,


तुझा फोन आल्यापासून आजी अख्ख्या गल्लीला सांगत सुटलीय, नात बीएमडब्ल्यू घेतेय म्हणून. ‘सेकंडहँड’ एवढंच तेवढं गाळते. तुझ्या आईचा गुडघा आता बरा आहे, जिने मात्र चढू देत नाही आम्ही. तुला भडंग आणि हळद पाठवायची आहे. गुरगावला येणारं कुणी भेटलं की देतो.

आता गाडीचं. घे, बाळ. हौसेला मोल नसतं आणि पैसे तू स्वतः कमावलेस. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव. नवी पन्नास लाखांच्या घरातली गाडी तुला निम्म्याहून कमी पैशांत मिळतेय, पण उतरली ती गाडीची किंमत. पार्टची उतरली नाही. हेडलाइट फुटला, गिअरबॉक्स रुसला, मोठ्या मॉडेलचं एअर सस्पेन्शन बसलं, की बिल पन्नास लाखांच्या गाडीचंच येणार. म्हणून सगळी शिल्लक गाडीत घालू नकोस. पहिल्या वर्षाच्या कामासाठी वेगळे पैसे काढून ठेवता येत नसतील, तर एक पायरी खालची गाडी बघ.

‘सर्टिफाइड आहे’ म्हणालीस. कुणी सर्टिफाय केली? बीएमडब्ल्यूचं प्रीमियम सिलेक्शन, ऑडीचं अप्रूव्ड प्लस या कंपन्यांच्या स्वतःच्या योजना. तिथे तपासणी आणि वॉरंटीमागे कंपनी असते. बाहेरचा डीलर स्वतःच स्टिकर छापून काचेवर लावतो, त्याला मी सर्टिफिकेट म्हणत नाही. कंपनीच्या वॉरंटीचाही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाच. ब्रेक पॅड, क्लच, टायर, बॅटरी असल्या झिजणाऱ्या वस्तू बहुधा त्यात नसतात, आणि खर्च तिथूनच सुरू होतो.

लहानपणी सुट्टीत माझ्या गॅरेजमध्ये येऊन पान्यांची रांग लावायचीस, आठवतं? तशीच आता गाडीपाशी जरा बैठक मार. सकाळी जा आणि इंजिन थंड असताना स्वतः चालू कर; आधीच गरम करून ठेवलं असेल तर का, ते विचार. टायरच्या कडेला चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. मीटर तीस हजार किलोमीटर दाखवतोय आणि टायर दुसऱ्यांदा बदललेत, तर मीटर मागे घेतलेला असू शकतो. बऱ्याच बीएमडब्ल्यूंना रनफ्लॅट टायर असतात, पंक्चर झाल्यावरही साधारण ऐंशी किलोमीटर हळू नेता येतात. पण साध्या टायरपेक्षा महाग पडतात, तेही हिशेबात धर.

आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. 2019 च्या ऑगस्टात कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेली, त्यानंतर आमच्याकडे आलेल्या गाड्या धुऊन-पुसून चकाचक झाल्या होत्या. पण बेल्ट पूर्ण बाहेर काढला की आतल्या टोकाला गाळाची पिवळट रेघ दिसायची. सीटखालचे रूळ गंजलेले असायचे. अशा गाडीची वायरिंग पुढे कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि या गाड्यांत सगळा कारभार वायरिंगवरच.

डिझेलचा तर दहादा विचार कर. दिल्ली-एनसीआरमध्ये डिझेलला दहा वर्षं आणि पेट्रोलला पंधरा, हे वयाचं बंधन 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरलं. पुढे ते कधी सैल, कधी कडक होत राहिलं, तरी गिऱ्हाइकाच्या मनात भीती बसलीय. डिझेल गाडी तिथे स्वस्त दिसते ती यामुळेही. उद्या विकायला काढशील तेव्हा तुलाही तोच भाव मिळेल. पुढे पुण्याला बदली झाली तर एनओसी, पुन्हा रोड टॅक्स, हेही मागे लागेल.

कागदांत आळस नको. सरकारच्या परिवहन पोर्टलवर नंबर टाकून मालक कितवा, बोजा आहे का, चलन किती, ते बघ. बोजा उतरवला नसेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या स्वतःसमोर घे. आरसीची वाट न बघता, गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत विमाही नावावर करायला अर्ज दे. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुला मिळत नाही, त्यामुळे हप्ता जरा जास्त येईल.

‘आज टोकन नाही दिलं तर गाडी जाईल’ असं कुणी म्हणालं, तर जाऊ दे. दुसरी मिळते. टोकन देण्याआधी चॅसी नंबर आणि सर्व्हिसची बिलं मला पाठव. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ओळखीचे लोक आहेत, मोठं काम काय निघेल आणि कितीला, ते विचारून सांगतो. तो आकडा गाडीच्या किमतीत मिळव. तरीही झेपत असेल, तर खुशाल घे.

तुझा,
मामा