न लागलेल्या आगीचा दोष

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला जोडलेल्या सोयुझ यानात एक इरिडियम उपग्रह फोन ठेवलेला असतो. तो कक्षेतून बोलण्यासाठी नाही. घरच्यांशी बोलायला स्थानकावर वेगळी सोय आहे. हा फोन लागतो तो पृथ्वीवर उतरल्यानंतर. मे २००३ मध्ये सोयुझ टीएमए-१ कझाकस्तानात ठरलेल्या जागेच्या सुमारे ४६० किलोमीटर अलीकडे उतरले. संपर्क तुटला होता, आणि आतले तिघे कुठे आहेत हे शोधपथकांना बराच वेळ कळले नाही. पुढच्या दलांना असा फोन दिला जाऊ लागला तो या प्रसंगानंतर.

न वापरलेल्या फोनचीही बॅटरी उतरते. म्हणून साधारण महिन्याकाठी एकदा तो चार्ज केला जातो. त्याची पद्धत सुरक्षा अधिकाऱ्यांनी तपासून ठरवून दिलेली आहे: फोन फ्लुओरोप्लास्टिकच्या पिशवीतच ठेवायचा, तसाच चार्जरला जोडायचा आणि काम झाले की जागच्या जागी परत ठेवायचा. काम क्षुल्लक दिसते, पण नीतिशास्त्रातला एक जुना आणि अवघड प्रश्न त्यात दडलेला आहे. एखाद्याने ही काळजी घेतली नाही आणि तरीही काहीच बिघडले नाही, तर त्याच्याकडून काही चुकले असे म्हणायचे का?

धोका काल्पनिक नाही. लिथियम-आयन बॅटरीत आतल्या आत शॉर्टसर्किट झाले किंवा ती प्रमाणाबाहेर चार्ज झाली, तर तिची उष्णता स्वतःच स्वतःला वाढवत जाते आणि ज्वलनशील, विषारी वायू बाहेर पडतात. घरात धूर वर चढतो, छताशी जमतो, खिडकी उघडता येते. कक्षेत वस्तूंना वजन जाणवत नाही, त्यामुळे गरम हवा वर जात नाही. धूर पंख्यांच्या झोताबरोबर फिरतो, म्हणूनच धूर ओळखणारी यंत्रे हवा खेळवणाऱ्या वाटांमध्ये बसवावी लागतात. फेब्रुवारी १९९७ मध्ये ‘मीर’ स्थानकावर ऑक्सिजन तयार करणारे एक उपकरण पेटले, तेव्हा तिथे सहा माणसे होती. परत येण्यासाठी जोडलेल्या दोन यानांपैकी एकाकडे जाणारी वाट आगीने अडवली होती. सगळे बचावले. तिथे प्रत्येकाचा श्वास एकाच हवेतून चालतो, त्यामुळे एकाची चूक त्याच्यापुरती राहत नाही.

आता असे समजा की एका अंतराळवीराने घाईत फोन पिशवीतून काढला, चार्जिंगला लावला आणि तो दुसऱ्या कामाला निघून गेला. बॅटरी नीट भरली. फलाकडे पाहून कृती जोखणारा म्हणेल की कोणाला इजा झाली नाही, मग तक्रार कसली? हा निवाडा सोयीचा आहे, पण तो मान्य केला तर त्या माणसाचे बरेवाईट बॅटरीतल्या एखाद्या अदृश्य दोषावर ठरेल. तेच हात, तीच घाई, तेच दुर्लक्ष. एका बॅटरीने त्याला निर्दोष ठरवायचे आणि दुसरीने अपराधी. १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी हा पेच ‘नैतिक दैव’ या नावाने मांडला. नेगेलचे उदाहरण ट्रकचालकाचे आहे. त्याने ब्रेक तपासून घेतलेले नाहीत. रस्त्यावर मूल आडवे आले तर तो आयुष्यभर स्वतःला दोष देत राहील, न आले तर त्याला स्वतःची चूक आठवणारही नाही.

जैन परंपरेने या प्रश्नाचा विचार कितीतरी आधी केला, आणि अधिक निर्भीडपणे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच बेसावधपणा आहे. दहाव्या शतकातले आचार्य अमृतचंद्र ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात त्याचे दोन्ही निष्कर्ष स्पष्ट सांगतात: बेसावध वागणाऱ्याकडून जीव मरो वा न मरो, हिंसा घडलेली असते, आणि पूर्ण सावध माणसाकडून नकळत एखादा जीव गेला तरी केवळ तेवढ्याने ती हिंसा ठरत नाही. मुनींसाठी सांगितलेल्या पाच समित्यांपैकी, म्हणजे सावध वागण्याच्या नियमांपैकी एक, आदाननिक्षेपण समिती, वस्तू उचलताना आणि ठेवताना घ्यायच्या काळजीचीच आहे. तिचा रोख अर्थातच सूक्ष्म जीवांकडे आहे, यंत्रांकडे नाही. तरीही नैतिक जीवन मोठ्या निर्णयांत जितके असते तितकेच वस्तू हातात घेण्याच्या रीतीत असते, ही तिची समजूत स्थानकावर तंतोतंत लागू पडते.

हा पक्ष जास्त खरा वाटतो. फोन चार्ज करायला विसरणे हाही त्याच जातीचा दोष ठरतो, कारण उतरल्यावर त्याची गरज पडली नाही तरी सहकाऱ्यांचा जीव दैवावर सोडलेला असतोच. मात्र एक आक्षेप गंभीर आहे. ठरवून दिलेली यादी वाचून, मन दुसरीकडे असताना पाळलेली काळजी ही काळजी म्हणायची का? जैन दृष्टीने आतली जागरूकता नसेल तर बाहेरचे पालन अपुरे आहे. पण स्थानकावर सलग सहा महिने कोणाचेही लक्ष अखंड टिकत नाही. आपले लक्ष ढळणार हे ओळखून आधीच नियम बांधून घेणे हीदेखील जागरूकताच आहे, आणि तो नियम जिथे जाचक वाटतो तिथे पाळण्यात तिची खरी परीक्षा होते.

फलाला काहीच किंमत नाही, असा याचा अर्थ नव्हे. आग लागली तर भरपाई, उपचार आणि माफी यांचे देणे निर्माण होते. न लागली तर होत नाही. दोष मात्र दोन्हीकडे सारखाच राहतो. विमानवाहतुकीने हा भेद व्यवहारात उतरवला आहे. नासा चालवत असलेल्या विमानसुरक्षा अहवाल योजनेत १९७६ पासून वैमानिक अशा चुकाही कळवतात ज्यांतून अपघात झालाच नाही. अनवधानाने घडलेली चूक वेळेत कळवणाऱ्याला दंडातून सूट मिळू शकते. तिथे न झालेल्या अपघाताचीही दखल गांभीर्याने घेतली जाते.