समोर कोण?

मे महिन्यात चाकरमानी गावाकडे आले की कणकवलीच्या पटवर्धन चौकापासून आचऱ्याच्या तिठ्यापर्यंत भजनाच्या डबलबारीचे बॅनर दिसायला लागतात. दोन बुवांचे फोटो, मधे ‘जंगी सामना’, खाली पखवाज कोणाचा, तबला कोणाचा, गुरुवर्य कोण. मालवणी माणूस त्यातल्या एका बुवाचं नाव ऐकतो आणि लगेच विचारतो, ‘‘आणि समोर कोण आसा?’’ रात्र जागवायची की नाही, हे तो या उत्तरावर ठरवतो. कुठल्याही सामन्याचं मर्म मला या प्रश्नात दिसतं. बुवा असो, पैलवान असो, नाहीतर परदेशातल्या पिंजऱ्यात लढणारा मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा चॅम्पियन असो, त्याचं मोठेपण त्याच्या एकट्याचं नसतं. समोर कोण उभा राहिला यावर ते तोललं जातं, आणि ही निवड बहुतेक वेळा त्याच्या हातात नसते. जोड लावणारा माणूस वेगळाच असतो. बॅनरवर त्याचा फोटो नसतो, पण कोण मोठा होणार आणि कोण अडून राहणार, हे बरंचसं तो ठरवतो.

डबलबारीत हे फार स्पष्ट दिसतं, कारण तिथे निकालच नसतो. भजन स्पर्धेला परीक्षक असतात, गुण असतात, चषक असतो. डबलबारीत दोन बुवा आळीपाळीने बारी गातात. अभंग होतो, गौळण होते, पुराणातला एखादा सवाल समोरच्यावर टाकला जातो, उत्तर येतं, गजराने मंडप हलतो आणि पहाटे लोक घरी जातात. कोण जिंकलं हे माइकवरून कोणी सांगत नाही. ते ठरतं दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर, तेही एकमताने नाही. चिंतामणी पांचाळ, परशुराम पांचाळ, विलास पाटील, काशीराम परब या बुवांची नावं कोकणात आणि मुंबईच्या गिरणगावात मोठी झाली, ती कुठला पट्टा कमरेला होता म्हणून नव्हे. कोणासमोर कोण कसा गायला, याच्या आठवणी लोकांनी जपल्या म्हणून.

जमलेली जोड कशी ओळखायची? मी बुवाकडे पाहतच नाही, समोरच्या मंडळींकडे पाहतो. पहिली बारी चालू असताना दुसऱ्या बाजूचा पखवाजवाला धुमेवर ओली कणीक थापत असतो. एक थाप देऊन बघतो, चिमूटभर कणीक काढतो, पुन्हा थाप देतो. मधेच त्याचा हात थांबतो. समोरच्याने एक अवघड तिहाई समेवर आणून ठेवलेली असते. तो आपल्या बुवाकडे बघतो, बुवा मान हलवतो, आणि ठरवून आणलेला अभंग बदलतो, कारण तोच राग समोरच्याने आधीच रंगवून टाकलेला असतो. मग जे येतं ते घरी बसवलेलं नसतं, समोरच्याने काढून घेतलेलं असतं. जोड चुकली तर यातलं काही घडत नाही. दोघेही आपापलं पाठ केलेलं गातात आणि उठतात.

कुस्तीतल्या जुन्या वस्तादांना हे पुरतं कळलेलं होतं. कोल्हापूरला शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान उभारलं, ते 1912 साली खुलं झालं. तिथल्या नंबर एकच्या कुस्तीपर्यंत पोरगा पोचायचा तो पायरी पायरीने. आधी गावच्या जत्रेत रेवड्यांवरची कुस्ती, मग नारळाची, मग थोड्या रोख इनामाची. जत्रेतली जाणती माणसं दोन पोरांना शेजारी उभं करतात, उंची बघतात, मान बघतात, फुगलेले कान बघून कोण किती वर्षं मातीत आहे हे ओळखतात, आणि पटलं तरच हातात हात देऊन आखाड्यात फिरवतात. या दोन मिनिटांच्या पाहणीत कितीतरी वर्षांचं शहाणपण असतं. हलकी जोड लागली तर पोरगा फुशारतो, भारी लागली तर मोडतो. 1961 पासून चालत आलेल्या ‘महाराष्ट्र केसरी’त मात्र जोड माणसाच्या नजरेवर सोडलेली नाही. माती आणि गादी असे दोन विभाग, आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांसमोर. त्यात पंचांच्या निकालावरून वाद होतात, पण समोर कोण येणार हे गर्दी बघून ठरत नाही.

आणि समोर कोणी उभंच राहिलं नाही तर? गामा पैलवान 1910 साली लंडनला गेला, उघड आव्हानं दिली. जॉर्ज हॅकेनश्मिट आणि फ्रँक गॉच ही तेव्हाची सर्वांत मोठी नावं, पण दोघांपैकी एकही त्याच्यासमोर कधी आला नाही. गामाचं त्यात काही कमी झालं नाही. पण त्या दोघांच्या मोठेपणातली एक जागा कायमची रिकामी राहिली.

परदेशातल्या पिंजऱ्यातही प्रश्न हाच आहे. मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणाऱ्या यूएफसी या अमेरिकन कंपनीची पहिली स्पर्धा 1993 साली डेन्व्हरला झाली. तेव्हा आठ जण एकाच रात्री बाद पद्धतीने लढले, वजनगटसुद्धा नव्हते. पुढे वजनगट आले, पट्टे आले, आणि जोड लावणं हे पगारी काम झालं. जो सिल्व्हा, शॉन शेल्बी ही नावं त्या खेळाचे जाणकार चॅम्पियनइतक्याच आदराने घेतात. अडचण वेगळी आहे. मुष्टियुद्धात पट्टा देणाऱ्या संस्था वेगळ्या आणि सामना भरवणारे वेगळे. तिथेही गैरप्रकार झाले, म्हणून अमेरिकेने 2000 साली मुहम्मद अलीच्या नावाने कायदा केला. तो कायदा मिक्स्ड मार्शल आर्ट्सला लागू नाही. यूएफसीत सामना कंपनीचा, पट्टाही कंपनीचा. क्रमवारी असते, पण ती पाळलीच पाहिजे असं बंधन नाही.

त्यातून काय होतं ते कॉनर मॅकग्रेगरच्या बाबतीत दिसलं. 2015 साली त्याने जोसे आल्डोला 13 सेकंदांत पाडून एका गटाचा पट्टा घेतला, पुढच्या वर्षी वरच्या गटाचा घेतला, आणि दोन्हींपैकी एकही पट्टा राखण्यासाठी तो कधी उतरला नाही. पिंजऱ्याबाहेर दोन वर्षं काढून 2018 मध्ये परतला तो थेट खबीब नुरमागोमेदोवसमोर, पट्ट्याच्या लढतीला. त्याआधी ब्रुकलिनमध्ये मॅकग्रेगरने खबीब बसलेल्या बसवर हल्ला केला होता. ते चित्रण झाकायच्या ऐवजी जाहिरातीत वापरलं गेलं. खबीबने चौथ्या फेरीत त्याला हार मानायला लावली आणि सामना संपताच पिंजऱ्याबाहेर मारामारी झाली. पैसा अमाप जमला. पण भांडण विकलं गेलं की पुढच्या जोडीलाही भांडणच लागतं. आधीची कित्येक वर्षं निमूट लढून वर आलेला माणूस मग रांगेत उभाच राहतो.

दुसरी बाजू नवख्याची. भरत खंडारे हा भारतातून यूएफसीत उतरलेला पहिला लढवय्या. नोव्हेंबर 2017 मध्ये त्याची पहिली लढत लागली ती शांघायला, चीनच्या मुख्य भूमीवरच्या कंपनीच्या पहिल्याच कार्यक्रमात, सोंग यादोंग या तरुण चिनी लढवय्यासमोर. पहिल्याच फेरीत मानेला विळखा बसून भरत हरला. सोंग पुढे जगातल्या नामांकितांत गणला गेला. भरतच्या हिमतीविषयी मला शंका नाही. पण यजमानांच्या उगवत्या पोरासमोर, त्याच्याच लोकांत, पहिली लढत, ही जोड कोणासाठी लावली होती हे उघड आहे.

हे दूरचं वाटायला नको. आमच्याकडेही उत्सव मंडळाच्या बैठकीत पहिला प्रश्न निघतो तो गर्दीचा. वर्गणी मुंबई मंडळाने पाठवलेली असते, मंडप मोठा घातलेला असतो, तो भरला पाहिजे. मग कोणीतरी म्हणतो, त्या दोघांचं मागच्या खेपेला वाजलं होतं, त्यांनाच आणा. गर्दी होते, हे खरं. पण सवाल-जवाबाच्या जागी टोमणे येतात, टोमण्यांवर शिट्ट्या पडतात, आणि गौळण कोणाला आठवत नाही. नाहीतर उलटं होतं. गोड गळ्याचा विशीतला बुवा मुरलेल्या बुवासमोर बसवला जातो, का, तर त्याचं मानधन कमी. मुरलेला बुवा मनाने मोठा असला तर सांभाळून घेतो. नसला तर त्या पोराची पेटी पुढे वर्षभर उघडत नाही.

मंडळाला पैसा लागतो हे मला मान्य आहे. रिकाम्या मंडपात बुवाही रंगत नाही, म्हणून गर्दीला मी नावं ठेवत नाही. पण गर्दी आणि कस यांची सांगड घालणं हेच तर जोड लावणाऱ्याचं कसब. यंदा आमच्या वाडीच्या बैठकीत मी हे मांडणार आहे. तरुण बुवांना आधी त्यांच्या तोडीच्या बुवांसमोर दोन-तीन बाऱ्या द्या. मोठ्या नावासमोर असा बुवा बसवा ज्याच्यामुळे त्या मोठ्या नावालाही घरी तयारी करावी लागेल. आणि तारीख ठरली की पहिला फोन बुवांना नको, दोघांच्याही मागे बसून वाजवलेल्या एखाद्या जुन्या पखवाजवाल्याला करा.