चिलीम, भोग आणि जिभेवरचा थर

'तोंड आलं' म्हणत माझ्या मेडिकलच्या काउंटरशी येणारा माणूस कारण सोबत घेऊनच येतो. मलकापुरात ही कारणं मुख्यतः तीन: उष्णता, पोट साफ नसणं आणि भोग. पहिल्या दोहोंवर लोक बी-कॉम्प्लेक्स मागतात, मी देतो. गुलकंद ते घरी खातातच. तिसऱ्या कारणावर माझ्या कपाटात काही नाही, आणि मला बोलायचं आहे ते त्याच्याबद्दलच.

एक गिऱ्हाईक डोळ्यांपुढे आहे. सत्तरीचे गृहस्थ, सगळी नोकरी जिनिंगमध्ये गेली. कापसाच्या गंजीजवळ काडी ओढायला सक्त मनाई, त्यामुळे पाळी चालू असताना गेटबाहेर येऊन सिगारेट ओढायची, अशी त्यांची वर्षानुवर्षांची रीत. निवृत्तीनंतर गेट सुटलं, त्याबरोबर मनाईही सुटली. वरच्या जबड्याला कवळी आहे, ती रात्रीसुद्धा तोंडातच. दर गुरुवारी गजानन विजय, म्हणजे शेगावच्या गजानन महाराजांची पोथी, वाचतात. त्यांनी जीभ बाहेर काढली तेव्हा मधोमध गुळगुळीत लाल पट्टा, कडेला दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर. तो बोळ्याने पुसला की निघायचा आणि खाली लालभडक कातडं दिसायचं. ओठांच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूला, आणखी एक पांढरट जाड डाग होता. तो पुसून निघत नव्हता.

"सिगारेट कमी करा," मी म्हटलं.

"भोग हाय बाप्पा. भोगल्याबिगर सुटत नाही," ते म्हणाले.

ही बुरशी म्हणजे कँडिडा. ती बाहेरून चालून आलेली नसते. धडधाकट माणसांपैकी कित्येकांच्या तोंडात ती आयुष्यभर मुकाट राहते, कुणाला पत्ता नसतो. लाळ तिला धुऊन नेते, लाळेतली काही प्रथिनं तिला आवरतात, शेजारचे जिवाणू जागा देत नाहीत. या बंदोबस्तात सिगारेट बिघाड करते. गरम धुराने तोंडाचं अस्तर जाड आणि चिवट होतं, प्रतिकार करणाऱ्या पेशी मंदावतात, जिवाणूंची वस्ती बदलते. प्रयोगशाळेत धुराचा अर्क दिला तर ही बुरशी जास्त घट्ट चिकटते आणि दाट थर धरते, असंही दिसलं आहे. प्रत्येक सिगारेटवाल्याच्या तोंडात बुरशी जास्तच असते, यावर मात्र सगळ्या अभ्यासांचं एकमत नाही. पण जिभेवरचा तो मधला लाल पट्टा आणि ओठांच्या कोपऱ्यातला न पुसला जाणारा डाग, या दोन्ही गोष्टी धूम्रपान करणाऱ्यांत जास्त दिसतात. यातला दुसरा प्रकार पुढे कर्करोगाकडे वळू शकतो, म्हणून तो माझ्या काउंटरवर निभावण्याजोगा नाही.

भोगाचा हिशेब मला पटत नाही तो इथे. हाच पांढरा थर आठवड्याभराच्या तान्ह्या बाळाच्या जिभेवर असतो. आई घाबरून येते, दूध साचलंय म्हणते, पण तो दुधासारखा सहज पुसून जात नाही. दम्याचा पंप ओढून चूळ न भरणाऱ्यालाही तो होतो. साखर वाढलेल्याला होतो, अँटिबायोटिकचा लांबलचक कोर्स झालेल्याला होतो, एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचलेल्याला होतो. यात पापी कोण आणि पुण्यवान कोण? जुन्या माणसांकडे उत्तर तयार असतं: मागच्या जन्मीचं. असेलही. मागच्या जन्माचं खातं उघडून पाहण्याची सोय मला नाही. कवळी रात्री पाण्यात ठेवली होती की तोंडात, एवढं मात्र विचारता येतं. आणि भोग म्हटलं की हा प्रश्न विचारणंच थांबतं, ही माझी खरी तक्रार आहे.

कर्मविचार खोटा, असं मी म्हणत नाही. उलट गीतेचा तेरावा अध्याय या बाबतीत माझ्या फार उपयोगी पडला आहे. ज्ञानेश्वरांनी तर तो अध्याय केवढा विस्ताराने उलगडला आहे. देहाला तिथे क्षेत्र म्हटलं आहे, शेत. आमच्या कापूसपट्ट्यात हे समजावून सांगावं लागत नाही. बोंडअळी आली की शेतकरी 'मी पापी' म्हणून बांधावर बसून राहत नाही. पेरणी कधी झाली, पऱ्हाट्या उपटल्या का, शेजारच्या वावरात काय आहे, हे पाहतो. पण त्या अध्यायातली खरी नवलाची गोष्ट पुढे आहे. क्षेत्रात काय काय येतं हे मोजताना पंचमहाभूतं आणि इंद्रियं यांच्याबरोबर इच्छा, द्वेष, सुख, दुःख हेही त्याच रांगेत बसवलं आहे. म्हणजे हवंसं वाटणं हासुद्धा शेताचाच भाग. ते जाणणारा वेगळा.

सिगारेटच्या तलपेला हे तंतोतंत लागू पडतं. सकाळी चहाबरोबर ती उठते तेव्हा माणूस म्हणतो, 'मला हवी'. नीट पाहिलं तर हवी असते निकोटिनला सरावलेल्या मेंदूला. ती मागणी चढते, टिकते, थोड्या वेळाने ओसरते. जिभेवरचा थर जसा पाहता येतो, तशी तलपही पाहता येते. सिगारेट सोडायला बसलेल्या माणसाला 'तू कमजोर आहेस' असं सांगणारे खूप भेटतात. मी सांगतो, शेतात तण उगवलं याची लाज कशाला? लाज धरली की माणूस लपवतो, आणि तोंडातली गोष्ट लपवायला फार सोपी असते.

एका जैन गिऱ्हाइकाने मला अगदी वेगळा प्रश्न केला होता. कंदमुळात अनंत जीव असतात म्हणून ती न खाणारं घर. तोंडात लावायचे क्लोट्रिमाझोलचे थेंब हातात घेऊन त्यांनी विचारलं, हे लावून किती जीव मरतात? मी आधी हसणार होतो, पण प्रश्न खरा होता. हे औषध बुरशीच्या पेशीचं आवरण बांधू देत नाही, म्हणजे जीव जातात हे नक्की. मग म्हटलं, भाऊ, धूर देऊन त्यांची वस्ती वाढवायची आणि मग औषध लावून मारायची, यात हिंसा दुहेरी होते. ते थेंब घेऊन गेले. शेजारच्या टपरीवर थांबले की नाही, ते मी मुद्दामच पाहिलं नाही.

ती टपरी म्हणजे स्वतंत्र प्रकरण आहे. पाकिटावर 85 टक्के जागेत कर्करोगाची चित्रं आली ती 2016 मध्ये. पण आमच्याकडे पाकीट घेतो कोण? सुटी एक घ्यायची आणि दोरीला लटकवलेल्या लायटरने पेटवायची. महाराष्ट्राने सप्टेंबर 2020 मध्ये सुटी विक्री बंद केली, निदान कागदावर. चित्र टपरीवाल्याच्या फळीवर राहतं आणि धूर गिऱ्हाइकाच्या तोंडात जातो.

आता जिनिंगवाल्या काकांचा शेवटचा आणि सगळ्यांत भक्कम मुद्दा. "महाराज तं सदा चिलीम ओढत. त्यायले काय झालं, सांगा बरं?"

आमच्या भागात हा मुद्दा उडवून लावता येत नाही. इथून रेल्वेने नांदुरा, जलंब, की शेगाव. दासगणूंच्या गजानन विजय ग्रंथातली कथा घरोघरी माहीत आहे: अक्षय्य तृतीयेला जानकीराम सोनाराने विस्तव नाकारला आणि महाराजांची चिलीम विस्तवावाचून पेटली. मी त्यांना एवढंच विचारलं, 23 फेब्रुवारी 1878 ला महाराज पहिल्यांदा दिसले तेव्हा काय करत होते? ते लगेच म्हणाले, उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खात होते. मग म्हटलं, काका, ते कधी करून पाहिलंत का? उन्हातान्हात दिगंबर बसून पाहिलंत? संतांच्या एवढ्या मोठ्या चरित्रातून आपण नेमकी चिलीमच का उचलली? भागवतात रासलीलेनंतर परीक्षितीने असाच प्रश्न केला आहे, आणि शुकाचार्य त्याला सांगतात की हलाहल पचवणं रुद्राचं काम, दुसऱ्याने ते करायला जाऊ नये. दाखला विषाचा दिला आहे, हे मला नेहमी सूचक वाटतं. शिवाय महाराजांची जीभ कुणी तपासली नव्हती. हे वाक्य मात्र मी मनात ठेवलं.

काका बराच वेळ काउंटरला टेकून उभे राहिले. मग त्यांनी थेंब घेतले, कवळी रात्री काढून ठेवायचं कबूल केलं, आणि सिगारेटचं 'पाहू' म्हणाले. पाकिटावर छापलेला तंबाखू सोडण्याचा मोफत नंबर, 1800112356, मी त्यांना पिशवीवर लिहून दिला, कारण पाकीट ते घेत नाहीत. पांढरा थर आणि जिभेवरची लाली पुढे ओसरली. ओठाच्या कोपऱ्यातला डाग तसाच होता. मी म्हटलं, याला माझ्याकडचं औषध नाही, अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवा, गरज पडली तर तुकडा काढून तपासतील.

"मंग आधी शेगावले उतरतो," ते म्हणाले.

"येताना उतरा. जाताना ओपीडीची वेळ निघून जाईल."

त्यांना ते पटलं.