वृद्ध सेवकाचा निवारा

आधारवचन: स्तोत्रसंहिता ७१:९, नहेम्या १३:१०-१३



एकाहत्तराव्या स्तोत्राचा कर्ता देवाजवळ धन मागत नाही, मान मागत नाही. म्हातारपणी आपणांस टाकू नये व शक्ती खुंटल्यावर सोडू नये, एवढेच त्याचे मागणे आहे. आणि हे मागणे कोणा उडाणटप्पू मनुष्याचे नव्हे; तरुणपणापासून ज्याने देवाच्या कृत्यांची साक्ष दिली, त्याचे आहे. देव त्याला टाकणार नाही, हे निश्चित. परंतु देव आपल्या सेवकास सांभाळतो तो कोणाच्या तरी हाताने सांभाळतो. एलीयाला त्याने प्रथम कावळ्यांकडून व पुढे सारफथच्या विधवेच्या मूठभर पिठाने पोसले. तर मग आपल्या मंडळीतील वृद्ध पाळकाला, उपदेशकाला, बायबलबाईला तो कोणाच्या हाताने पोसणार? ह्या प्रश्नाचा आज आपण विचार करू.

उपदेशकाची स्थिती कशी असते ती पाहा. शेतकऱ्याला स्वतःचे घर असते, वाणी आपल्या दुकानात म्हातारा होतो. उपदेशक मात्र आयुष्यभर मिशनच्या किंवा मंडळीच्या घरात राहतो. आज जुन्नरास, उद्या घोड नदीच्या काठी, परवा घाटाखाली, अशी त्याची बदली होत जाते. ज्या दिवशी त्याचे काम थांबते, त्याच दिवशी त्याचे छप्परही जाते, कारण नवा सेवक दाराशी उभा असतो. ज्याने शंभर घरी प्रार्थना केली, त्याला स्वतःचे एक घर नसते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत, त्यांना सेवकाच्या संसारात शिल्लक किती राहते हे वेगळे सांगावयास नको.

आता पहिली गोष्ट ही की, वृद्ध सेवकाचे पोषण हे दान नव्हे, ते देणे आहे. इस्राएलात लेव्यांना वतनी जमीन नव्हती. परमेश्वराची सेवा हेच त्यांचे वतन. गणनाच्या आठव्या अध्यायात असे ठरवून दिले आहे की, पन्नास वर्षांचे झाल्यावर लेव्याने जड कामातून मोकळे व्हावे, परंतु आपल्या भावांस साहाय्य करीत राहावे. म्हणजे देवाने त्याला कामातून काढले, मंडळीतून काढले नाही. नहेम्याच्या काळी काय झाले? लोकांनी लेव्यांचे वाटे देणे बंद केले, तेव्हा ते आपापल्या शेतावर पळून गेले व मंदिर ओस पडले. नहेम्याने लेव्यांस दोष दिला नाही. त्याने अधिकाऱ्यांस जाब विचारला. मळणी करणाऱ्या बैलाचे तोंड बांधू नये, हा मोशेचा नियम पौल तीमथ्याला मंडळीच्या वडिलांविषयी लावून दाखवितो. तुम्ही शेतकरी आहा. ज्या बैलाने बारा वर्षे तुमची मोट ओढली, तो थकला म्हणून पोळ्याच्या दिवशी त्याच्या गळ्यात माळ घालून दुसऱ्या दिवशी दावणीवरून सोडून देणाऱ्याला गाव काय म्हणते? निरोपसमारंभात हार घालून सेवकाला विसरणारी मंडळी त्याहून निराळी नाही.

दुसरी गोष्ट ही की, हे देणे एका श्रीमंताच्या औदार्यावर सोडून चालत नाही. ह्याविषयी अमेरिकेतील एका घराचा इतिहास ऐका. न्यू जर्सी प्रांतात पर्थ अँबॉय नावाचे बंदर आहे. तेथे १७६० नंतरच्या काही वर्षांत जमिनीच्या मालकांनी एक भव्य वाडा बांधिला. १७७४ साली इंग्लंडच्या राजाचा सुभेदार विल्यम फ्रँकलिन तेथे राहावयास आला. तो प्रसिद्ध बेंजामिन फ्रँकलिनचा पुत्र. १७७६ च्या राज्यक्रांतीत बाप लोकांच्या बाजूस व पुत्र राजाच्या बाजूस राहिला, आणि त्याच साली पुत्र कैद झाला. पुढे त्या वाड्याची खानावळ झाली, मग तो एका धनिकाचे घर झाला. शेवटी १८८३ साली तो प्रेस्बितेरियन मंडळीच्या साहाय्यनिधीकडे आला आणि थकलेले पाळक व पाळकांच्या विधवा ह्यांचे ते विश्रांतिगृह झाले. ज्या दालनात राजाचा सुभेदार बसे, तेथे खेड्यापाड्यांतून सुवार्ता सांगून झिजलेले म्हातारे बसू लागले! प्रभु दीनांना कसा उंच करितो ह्याचे हे सुंदर चित्र आहे. परंतु हे विश्रांतिगृह सुमारे वीस वर्षेच चालले. नंतर तेथे पुन्हा खानावळ आली. आज तो वाडा सरकारी मालकीची जुनी वास्तू म्हणून उभा आहे. भिंती राहिल्या, निवारा गेला.

ह्याच्या जोडीला दुसरा इतिहास ठेवा. ज्या स्कॉटलंडच्या मंडळीतून डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले, तिचे पाळक फार गरीब असत. पाळक वारला की त्याची विधवा लेकरांसह घराबाहेर पडे. तेव्हा रॉबर्ट वॉलेस व अलेक्झांडर वेबस्टर ह्या दोन पाळकांनी, कॉलिन मॅक्लॉरिन ह्या गणितज्ञाच्या मदतीने, एक निधी योजिला; १७४४ साली त्याला कायद्याची मान्यता मिळाली. प्रत्येक पाळकाने दरवर्षी ठरीव रक्कम भरावी व तो वारल्यावर त्याच्या विधवेस वर्षाला दहा ते पंचवीस पौंड मिळावे, अशी ती व्यवस्था. किती पाळक असतील, किती विधवा मागे राहतील, ह्याचा त्यांनी आधीच हिशेब केला. १७६५ साली निधीत ५८,३४८ पौंड असतील असे त्यांचे गणित होते. प्रत्यक्षात ५८,३४७ निघाले. फरक एका पौंडाचा! अमेरिकेतही फिलाडेल्फियाच्या सिनॉडने १७१७ साली असा धर्मनिधी आरंभिला होता, आणि गरीब पाळक व त्यांच्या विधवा-मुलांसाठी १७५९ साली सनद मिळवून संस्था उभी केली. वाडा एकाने दिला तो वीस वर्षे पुरला; पुष्कळांनी थोडे थोडे व नेमाने दिले ते पिढ्यान्‌पिढ्या पुरले.

परंतु इतके दूर जावयास कशाला पाहिजे? जुन्नरच्या भोवतालचे डोंगर पाहा. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी, तुळजा येथील लेणी सुमारे दोन हजार वर्षांमागे बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी खोदली गेली. तेथील शिलालेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची टाकी दिल्याची नोंद आहे. बुरूड व कासार ह्यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवून तिच्या उत्पन्नातून धर्मकार्य चालविल्याचेही लेख आहेत. ज्यांना तारणाऱ्याचे नाव ऐकू आले नव्हते, त्या आपल्याच गावच्या बुरडांनी व दाणेवाल्यांनी आपल्या साधूंसाठी डोंगर फोडिला. तर ज्यांच्यासाठी प्रभूने आपला देह दिला, त्यांनी आपल्या सेवकासाठी एक कूडही उभारू नये काय?

तिसरी गोष्ट, हे करावे कसे. नहेम्याने कोठारावर विश्वासू ठरलेले चार पुरुष नेमिले. तुम्हीही वृद्ध सेवकांच्या निधीवर असे जन नेमा आणि प्रत्येक सुगीनंतर उपासनेच्या वेळी हिशेब मोठ्याने वाचा. घरोघरी दळणाच्या वेळी एक मूठ धान्य वेगळे काढा. स्त्रियांनी हे काम हाती घ्यावे, त्या विसरत नाहीत. पाळक, उपदेशक, शास्त्रवाचक ह्यांनीही तरुणपणापासून आपला वाटा भरावा. स्कॉटलंडचा निधी पाळकांच्याच वर्गणीने उभा राहिला. आणि ज्यांच्या घरी जागा असेल त्यांनी शूनेमच्या बाईचे स्मरण करावे. तिने अलीशासाठी माडीवर एक लहान खोली केली. तीत खाट, मेज, बैठक व दिवा, एवढेच सामान. एका वृद्धास त्याहून अधिक काय लागते?

सेवकाला केवळ भाकरी देऊन मात्र थांबू नका. त्याच्याकडे मुले पाठवा. पन्नाशीनंतरच्या लेव्याचे काम भावांस साहाय्य करणे हे होते. ज्याला घाट चढवत नाही, त्याला ओसरीवर बसून दहा पोरांना शास्त्र शिकविता येते. ज्याच्याकडे कोणी काही विचारावयास येत नाही, तो भरल्या घरातही टाकलेलाच असतो.

वृद्ध पौलाने तीमथ्याला लिहून त्रोवसात राहिलेला झगा मागविला आणि हिवाळ्यापूर्वी ये अशी विनंती केली. प्रेषिताला थंडी वाजत होती, आणि त्याने ते सांगण्यास लाज धरिली नाही. आपले म्हातारे सेवक बहुधा सांगणार नाहीत. त्यांनी जन्मभर मागितले ते इतरांसाठी. म्हणून तुम्ही विचारा, आणि हिवाळ्यापूर्वी विचारा.

हे प्रभु, ज्यांनी आम्हांला तुझे वचन सांगितले त्यांचे देणे आमच्या ध्यानात राहू दे. आणि त्यांच्या म्हातारपणी तू त्यांना सांभाळशील तेव्हा तो हात आमचा असो. आमेन.