त्याग नव्हे, हक्क

२१ मार्च, म्हणजे जागतिक डाउन सिंड्रोम दिन आला की मोबाइलवर ‘देवाची लेकरं’ फिरू लागतात. एखाद्या मुलाचा हसरा फोटो आणि खाली ओळ : यांना राग-लोभ ठाऊकच नसतो. फोटो बहुधा घरच्यांनीच टाकलेला असतो, त्या मुलाला न विचारता. कळवणला डाउन सिंड्रोम असलेल्या धाकट्या भावाबरोबर वाढलेला मी सांगतो, त्याला राग येतो आणि पुष्कळदा तो रास्त असतो. एकदा देव ठरवलं की माणसाचं म्हणणं कुणी विचारत नाही.

लँग्डन डाउन यांनी १८६६ मध्ये लक्षणांचं वर्णन केलं. १९५९ मध्ये लेज्यून आणि सहकाऱ्यांनी एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत दाखवून दिली. आईचं पाप, ग्रहण, करणी यांना निदान शास्त्रात तरी थारा उरला नाही. इथवर वाद नाही.

गल्लत होते ती पुढे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाची आई असलेल्या रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये नाशिकला अशा मुलांसाठी ‘प्रबोधिनी’ शाळा सुरू केली. ही कहाणी आपण मातेच्या त्यागाची म्हणून सांगतो. मला ते वाचन घातक वाटतं. त्याग म्हटला की मूल आपोआप ओझं ठरतं आणि बाकी गाव हात जोडून मोकळं होतं. शाळा काढण्यात नेमका उलटा दावा होता : हे मूल शिकू शकतं, आणि त्याला शिकवणं एकट्या आईचं काम नाही. शाळेला वर्ग लागतो, शिक्षक लागतात, प्रगतीची नोंद लागते. दयेला यातलं काहीच लागत नाही. सहा ते अठरा वर्षांपर्यंतच्या मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. शाळा काढण्यामागचा दावा तोच होता.

उन्हाळ कांदा चाळीत भरताना माझा भाऊ गोल्टी वेगळी काढतो. जोड कांदा त्याच्या हातून सुटत नाही. तरी पाहुणे माझ्याकडे बघून विचारतात, “हा जेवतो का नीट?” मी गप्प राहतो. जरा वेळाने तोच म्हणतो, “दोन भाकरी.” तेवढा वेळ त्याला द्यावा लागतो, आणि तो देणं घरच्यांनाच आधी शिकावं लागतं.

जागृती करायचीच तर कामाचं सांगू. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांना जन्मतः हृदयदोष असतो, म्हणून हृदयाची तपासणी लगेच करा. थायरॉइड आणि कान वेळोवेळी तपासा. फोटो टाकण्याआधी त्याला विचारा, आणि तो नको म्हणाला तर टाकू नका. मूल सहा वर्षांचं झालं की मामा-काका-आत्यांनी आईबापांसोबत मुख्याध्यापकांपुढे बसावं आणि पटावर नाव लागेपर्यंत उठू नये.