बेगमी

भाईंदर पूर्वेच्या खारी गावात इमारतींच्या दाटीत एक कौलारू घर टिकून होतं. त्याच्या माळ्यावर, वाशांच्या फटीत, लहान वटवाघळांची वस्ती होती. घरातला नातू शाळेतून आला की मित्रांना घेऊन शिडीनं वर चढायचा, टॉर्च मारायचा, बांबूनं वासा ठोकायचा. वटवाघळं दचकून उडायची, भर उन्हात सैरभैर व्हायची. पोरं टाळ्या पिटायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पौषात कॅनडाहून आत्या माहेरपणाला आली. वरचा धिंगाणा ऐकून ती शिडीखाली उभी राहिली.

"खाली या सगळे. आमच्या ओंटारिओतल्या वटवाघळांची गोष्ट सांगते."

पोरं उतरली.

"तिथं थंडीत पारा शून्याच्या वीस अंश खाली जातो. किडे नाहीसे होतात. मग किड्यांवर जगणाऱ्यानं खायचं काय? काही वटवाघळं दक्षिणेला उडून जातात. पण तिथलं एक छोटं तपकिरी वटवाघूळ, वजन आठ-नऊ ग्रॅम, ते मागंच राहतं. पानगळीआधी किडे खाऊन अंगावर चरबी चढवतं आणि एखाद्या खोल गुहेत किंवा बंद पडलेल्या खाणीत उलटं लटकतं. गुहेत गारठा असतो, पण पाणी गोठत नाही. तिथं ते अंगाची ऊब सोडून देतं. गुहा जेवढी गार, जवळजवळ तेवढंच ते गार. उडताना मिनिटाला शेकडो ठोके देणारं काळीज वीसच्या आसपास येतं. श्वासही थांबून थांबून. असे सहा-सहा महिने."

"मध्ये उठतच नाही?"

"उठतं. दोन-तीन आठवड्यांनी थोडा वेळ. पण गार पडलेलं अंग पुन्हा तापवायला चरबी जाळावी लागते. हिवाळ्यातली बहुतेक चरबी झोपेत नाही, या थोड्याशा जागण्यातच संपते. म्हणून कुणी विनाकारण उठवलं, तर ते त्या वेळी उडून जातं आणि आपल्याला वाटतं, काही झालं नाही. ते मरतं फेब्रुवारी-मार्चमध्ये, बाहेर किडे यायच्या आधी. 2006 च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत नाकावर पांढरी बुरशी आलेली वटवाघळं दिसली. ती बुरशी त्यांना झोपू देत नाही, वरचेवर जागं करते. त्यात लाखो गेली. आता तिथं कितीतरी गुहांत माणसांना बंदी आहे."

आजी सुकटीचा डबा घेऊन बसली होती. ती म्हणाली, "म्हंजे पावसाळ्याच्या बेगमीसारखं. होड्या बंद, आणि रोज कुणी येऊन डबा उघडून मूठभर न्यायला लागला, तर श्रावणापर्यंत घरात काय उरंल?"

नातू मात्र अडला. "पण आत्या, इथं कुठं बर्फ पडतो? आपली तर रोज रात्री उडतात."

"खरं आहे. खाडीकाठी, मिठागरांवर बारा महिने किडे मिळतात, म्हणून आपल्यांना सहा महिने झोपावं लागत नाही. पण रात्रभर मिळवलेलं दिवसा जपायचं, एवढं त्यांनाही आहेच. तू दुपारी उडवतोस तेव्हा पोटात काय असतं त्यांच्या? आणि बाहेर घारी, कावळे असतात."

तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी मित्र आले तेव्हा त्यानं शिडी परसात नेऊन ठेवली होती. "संध्याकाळी या," म्हणाला, "अंगणातून दिसतात."

वैशाखात कौलं शाकारायला माणसं आली. नातू त्यांच्याआधी वर चढला, टॉर्च खिशातच ठेवून. वाशाच्या फटीतून बारीक चिवचिव येत होती. पिल्लं होती. उतरला आणि म्हणाला, "काका, हा कोपरा आता नको. पिल्लं उडायला लागली की करू."

"अरे, मधेच पाऊस आला तर?"

"तेवढ्यावर ताडपत्री टाका. वाशाकडची फट मोकळी ठेवा. खाली पाणी गळलं तर बादली मी ठेवीन."

कारागिरानं आजीकडं पाहिलं. आजीनं ताडपत्री आणायला त्याला पैसे काढून दिले.